कपड्यांवरचे चिवट डाग: कोणत्या डागाला घरातला कोणता उपाय?

पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा थेंब पडला, म्हणून लगेच साबण लावला आणि पिवळा डाग लालभडक झाला. हा अनुभव अनेक घरांत येतो. कपडा वाया गेला असे वाटते, पण तसे नसते. डाग कशाचा आहे हे ओळखून उपाय केला, तर बरेचसे डाग घरातल्या वस्तूंनीच निघतात.

हळदीचा डाग लाल का होतो?

हळदीतला कर्क्युमिन हा रंग साबण किंवा सोड्यासारख्या आम्लारी पदार्थाच्या संपर्कात लाल होतो. शाळेच्या प्रयोगात हळदीचा कागद वापरतात तो याच गुणामुळे. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण उन्हात फिका पडतो. म्हणून आधी भांडी घासायच्या लिक्विडने तेलकटपणा काढावा, कपडा खळबळून घ्यावा आणि ओला असतानाच डागाची बाजू वर करून उन्हात घालावा. गरज पडल्यास दुसऱ्या दिवशीही हेच करावे. रंगीत कपड्याचा मूळ रंगही उन्हाने उतरू शकतो, त्यामुळे मधूनमधून पाहत राहावे.

इतर डाग आणि उपाय

* रक्त: फक्त थंड पाणी वापरावे. गरम पाण्याने रक्तातली प्रथिने गोठतात आणि डाग धाग्यात पक्का बसतो.
* तेल-तूप: डागावर टाल्कम पावडर किंवा कोरडे बेसन टाकून अर्धा तास ठेवावे. ते झटकून भांड्यांचे लिक्विड लावावे आणि धुवावे.
* चहा-कॉफी: लगेच थंड पाण्याखाली धरावे. डाग उरल्यास एक भाग व्हिनेगर आणि दोन भाग पाणी मिसळून लावावे, मग धुवावे.
* बॉलपेनची शाई: डागाखाली जुने कापड ठेवून वरून कापसाने सॅनिटायझर किंवा स्पिरिट टिपावे. चोळल्यास शाई पसरते.
* गंज: लिंबाचा रस आणि मीठ लावून थोडा वेळ उन्हात ठेवावे, मग भरपूर पाण्याने धुवावे. गंजावर ब्लीच लावू नये, त्याने डाग आणखी गडद होतो.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र?

रील्समध्ये खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून येणारा फेस दाखवतात. सोडा आम्लारी आणि व्हिनेगर आम्ल असल्याने दोघे एकमेकांचा गुण मारतात. फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू असतो, मागे उरते ते मुख्यतः खारट पाणी. म्हणून हे दोन्ही वेगवेगळे वापरावेत: व्हिनेगर चहाच्या डागाला, तर सोडा घामाच्या वासाला.

हे कधीही करू नये

ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा टॉयलेट क्लीनर मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. चुकून मिसळले गेले आणि उग्र वास आला, तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत यावे. खोकला किंवा श्वासाचा त्रास झाल्यास डॉक्टरांकडे जावे.

रेशीम आणि लोकर यांवर सोडा किंवा ब्लीच वापरू नये, धागा कमजोर होतो. लिंबू-व्हिनेगरने जर काळवंडू शकते. त्यामुळे पैठणीवर डाग पडला तर तो हलकेच टिपून घ्यावा आणि साडी ड्रायक्लीनला द्यावी.

दोन साध्या सवयी

कोणताही उपाय आधी कपड्याच्या आतल्या शिवणीवर करून पाहावा. आणि डाग पूर्ण गेल्याची खात्री झाल्याशिवाय इस्त्री करू नये, कारण उष्णतेने उरलेला डाग कायमचा बसू शकतो.