घरी बांधलेली विमानं आणि कार्बोरेटरची खोडी

आपल्या बॅचमध्ये दौंडची रेल्वेची मुलं होती आणि शिरूरकडची शेतकऱ्यांची. शेताच्या इंजिनांना कार्बोरेटर नसायचा, कारण ती डिझेलची. कार्बोरेटरची ओळख झाली ती लुनामुळे. फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ मध्ये आणलेली ही गाडी आपल्या शेजारी नगरलाच तयार व्हायची. न्हावऱ्याच्या पुढे माझी बंद पडली की ढकलत गॅरेजपर्यंत न्यायची. तिथले चाचा म्हणायचे, "आधी पेट्रोल बघ, मग प्लग, मग कार्बोरेटर. उलटा गेलास तर दिवस गेला." बहुतेक वेळा जेटमध्ये कचरा निघायचा. फुंकर मारली की काम झालं.

निवृत्तीनंतर घरी बांधलेल्या विमानांचा इतिहास वाचायला लागलो, तेव्हा चाचांची आठवण पानोपानी झाली. (तळपद्यांच्या विमानाबद्दल मला नेहमी विचारतात. त्या गोष्टीत कार्बोरेटर नाही, म्हणून ती इथे नाही.)

खरं तर पहिलं विमानही घरगुतीच. राइट बंधू सायकलवाले. त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलरने सुमारे सहा आठवड्यांत १२ अश्वशक्तीचं इंजिन बनवलं. १७ डिसेंबर १९०३ ला उडालेल्या त्या इंजिनाला आपल्या ओळखीचा कार्बोरेटर नव्हता. टाकीतून पेट्रोल आपोआप खाली यायचं आणि इंजिनाच्या उष्णतेने त्याची वाफ व्हायची.

पुढे फ्लोटचा कार्बोरेटर आला आणि खोड्याही आल्या. १९४० मध्ये ब्रिटिशांच्या स्पिटफायरने एकदम नाक खाली घातलं की मर्लिन इंजिन गचके खायचं. फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल वर उसळायचं, इंजिन आधी उपाशी राहायचं आणि मग त्याला अजीर्ण व्हायचं. पाठलाग करणाऱ्या जर्मन विमानात थेट इंजेक्शन होतं, त्याला हा त्रास नव्हता. तोडगा काढला बिआट्रिस शिलिंग या बाईंनी. त्या मोटारसायकलच्या शर्यती जिंकणाऱ्या इंजिनिअर. पेट्रोलच्या वाटेत मोजक्या भोकाची एक चकती बसवली, एवढंच. १९४१ मध्ये त्या विमानतळोविमानतळी जाऊन ती बसवून घेत होत्या. या बाई चाचांना फार आवडल्या असत्या.

युद्धानंतर अमेरिकेत, युरोपात लोक गॅरेजमध्ये विमानं बांधू लागले. कोणी फोक्सवॅगन बीटलचं इंजिन बसवलं, कोणी जुनं कॉन्टिनेन्टल. आणि इथे खरा वैरी भेटला : बर्फ. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने कार्बोरेटरही गार पडतो. पेट्रोलची वाफ होताना, हवा अरुंद गळ्यातून जाताना तापमान वीस-तीस अंशांनी उतरतं. हवा दमट असली की आत बर्फ धरतो. त्याला हिमालय लागत नाही. आपल्या श्रावणातली पंचवीस अंशांची ओलसर सकाळ पुरते.

इंजिनाचे फेरे हळूहळू कमी होतात, मग थरथर. उपाय म्हणजे एक्झॉस्टभोवतीची गरम हवा कार्बोरेटरकडे वळवणारा दांडा ओढायचा. पण ओढल्यावर इंजिन आधी आणखी बिघडतं, कारण वितळलेलं पाणी सिलिंडरमध्ये जातं. नवखा वैमानिक घाबरून दांडा परत ढकलतो, आणि तिथेच घात होतो. धीर धरला तर फेरे वर येतात. नाही धरला तर विमान शेतात उतरतं. लोक येऊन कार्बोरेटर उघडतात तेव्हा तो स्वच्छ आणि कोरडा. लुनाच्या जेटमधला कचरा चाचांची वाट पाहत बसायचा. हा गुन्हेगार पंचनाम्याआधीच पसार.

म्हणून अमेरिकेत घरी बांधलेलं विमान आधी ठराविक हद्दीतच उडवावं लागतं : प्रमाणित इंजिन-पंख्याची जोडी असेल तर साधारण २५ तास, मोटारीचं वगैरे इंजिन असेल तर ४०.

आपल्याकडे कांदिवलीच्या चारकोपमध्ये अमोल यादव या वैमानिकाने इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते मुंबईत लोकांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. गच्चीवरून ते क्रेनने उतरवलं, याचं सगळ्यांना कौतुक. मला नोंदणीसाठी धरलेल्या चिकाटीचं जास्त.

हल्ली नवी खोडी आली आहे, आणि ती आपल्याच उसातून. २०२५ पर्यंत देशातल्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, जुनं रबर फुगवतं, आणि पाणी वाढलं की पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. इंजिनाकडे जाणारी नळी बहुधा तळातूनच निघते. ज्यांच्या शेडमध्ये जुनी लुना अजून उभी आहे, त्यांनी मेळाव्याला ती घेऊन येण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करावी आणि फ्लोटची वाटी उघडून पाहावी. जेट साफ करायला बारीक तार मी आणतो.