डिझेलचा दाब, ब्यूखीची हवा

तुमच्यापैकी ज्यांच्या विहिरीवर डिझेल इंजिन होतं, त्यांना ते हँडल आठवत असेल. इंजिनाच्या डोक्यावरची कळ आधी उचलायची, हँडल गरगर फिरवायचं आणि वेग आला की कळ सोडायची. कळ न उचलता फिरवायला गेलात तर पैलवानाचाही घाम निघेल, कारण आतली हवा दबायला तयार नसते. आजची सगळी गोष्ट त्या हवेची आहे.

साध्या डिझेल इंजिनात सतरा-अठरा भाग हवा एका भागाच्या जागेत कोंबतात. हाच कॉम्प्रेशन रेशो. दबलेली हवा इतकी तापते की फवारलेलं तेल ठिणगीशिवाय पेटतं.

रुडॉल्फ डिझेल हा म्युनिकला कार्ल फॉन लिंडे यांचा विद्यार्थी. वाफेचं इंजिन कोळशातली बहुतेक उष्णता वाया घालवतं, हे त्याला सहन होईना. त्यानं कागदावर उत्तर काढलं, तेही तब्बल २५० वातावरणांच्या दाबाचं! त्या काळच्या ओतकामाला ते झेपणार कसं? आकडा बराच खाली आणावा लागला. १० ऑगस्ट १८९३ रोजी आउग्सबुर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली. इंधन पेटलं आणि दाब मोजायचं यंत्रच फुटून तुकडे उडाले. डिझेल मात्र खूश होता, कारण ठिणगी नसताना ते पेटलं होतं. १८९७ मध्ये प्राध्यापक श्र्योटर यांनी सुधारलेल्या इंजिनाची कार्यक्षमता मोजली, ती २६.२ टक्के भरली. वाफेवाल्यांसाठी ही धोक्याची घंटा होती.

आता आल्फ्रेड ब्यूखी. हा स्विस इंजिनिअर. त्याचं म्हणणं असं, की धुराड्यातून गरम वायू फुकट जातोय, त्याच्यावर टर्बाइन फिरवा आणि हवा आधीच दाबून आत पाठवा. पेटंट १९०५ चं, पण यश मिळायला वीस वर्षं लागली. १९२६ च्या सुमारास जर्मनीच्या 'प्रॉयसेन' आणि 'हान्सेश्टाट डान्झिग' या जहाजांच्या इंजिनांची ताकद टर्बोमुळे १,७५० वरून २,५०० अश्वशक्ती झाली. इंजिनाचा आकार तोच! डिझेल मात्र हे बघायला नव्हता, १९१३ मध्येच तो इंग्लिश खाडीतल्या बोटीवरून नाहीसा झाला होता.

इथे बरेच जण गोंधळतात. टर्बो आला म्हणजे कॉम्प्रेशन रेशो वाढवायचा, असं त्यांना वाटतं. उलट आहे! हवा आधीच दाबलेली येते, वर रेशोही अठरा ठेवला तर सिलिंडर हेडच्या बोल्टांवर भलताच ताण येईल. म्हणून रेशो उतरवतात. माझदानं २०१२ मध्ये तो १४ वर आणला. फार उतरवला तर थंडीतल्या सकाळी गाडी सुरू होताना कुरकुरते, हा त्याचा तोटा.

आणि गंमत बघा. रेशो कमी असूनही आजच्या मोठ्या ट्रकच्या सिलिंडरमध्ये इंधन पेटल्यावर दाब २०० वातावरणांच्या वर जातो.