१३४ मिनिटे: यूट्यूबचा रस्ता वळला त्या रात्रीचा घटनाक्रम

शुक्रवार, २२ फेब्रुवारी २००८

पाकिस्तानच्या दूरसंचार प्राधिकरणाने देशातल्या इंटरनेट कंपन्यांना आदेश काढला. यूट्यूबवरची एक चित्रफीत धर्मनिंदा करणारी आहे, ती बंद करा. चित्रफितीच्या दुव्यासोबत आदेशात तीन आयपी पत्तेही होते: २०८.६५.१५३.२३८, २०८.६५.१५३.२५१ आणि २०८.६५.१५३.२५३. पहिली घसरण इथेच झाली. ते पत्ते एका चित्रफितीचे नव्हते, यूट्यूब या संकेतस्थळाचे होते.

रविवार, २४ फेब्रुवारी, रात्री ११:४७ पूर्वी

(इथल्या वेळा पाकिस्तानच्या आहेत. आपले घड्याळ अर्धा तास पुढे.)

पुढचे समजायचे तर राउटरशी बोलतात कसे, ते आधी पाहायला हवे. राउटर हाही संगणकच. त्याची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम असते आणि तिच्याशी संवाद होतो तो बहुतेक वेळा कमांड टाइप करून. सिस्कोची आयओएस घ्या, नेटवर्किंग शिकणारी बरीच मुले तिथूनच सुरुवात करतात. लॉगिन केले की राउटरच्या नावापुढे > हे चिन्ह येते. इथे थोडेफार पाहता येते, बदलता काही येत नाही. ‘एनेबल’ म्हणून पासवर्ड दिला की > जाऊन # येतो. आता सगळे उघडे, राउटर बंद करून पुन्हा चालूही करता येतो. ‘कॉन्फिगर टर्मिनल’ म्हटले की त्याचे वागणेच बदलण्याचा अधिकार हाती येतो.

या तिसऱ्या पायरीवर प्रत्येक शिकाऊ माणसाने थांबावे असे मला मनापासून वाटते. इथे एंटर दाबला त्या क्षणी ओळ लागू होते. ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही कमांड दिली की मगच बदल होतो, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. ती कमांड बदल फक्त जपून ठेवते, म्हणजे वीज गेली तरी तो टिकतो. लागू तो केव्हाच झालेला असतो.

पत्ता बंद करायची रूढ रीत एका ओळीची आहे: ‘आयपी राउट’, पुढे पत्त्यांचा गट, शेवटी ‘नल झिरो’. त्या गटाकडे निघालेले प्रत्येक पॅकेट राउटर तिथेच टाकून देतो. पण मोठ्या कंपनीचा राउटर शेजारच्या नेटवर्कशी बीजीपीतून बोलत असतो, कोणते पत्ते आपल्यामार्फत गाठता येतील ते सांगत असतो. हाताने लिहिलेले राउट या बोलण्यात मिसळू दिले आणि मध्ये फिल्टर नसला, तर देशापुरती बंदी जगाला दिलेले आमंत्रण होऊन बसते.

रात्री ११:४७

नेमके तेच झाले. पाकिस्तान टेलिकॉमच्या नेटवर्कने, म्हणजे बीजीपीत ज्याची ओळख क्रमांक १७५५७ अशी आहे त्याने, २०८.६५.१५३.०/२४ हा २५६ पत्त्यांचा गट आपला म्हणून बाहेर जाहीर केला. त्याला जगाशी जोडणाऱ्या, म्हणजे त्याच्या वर बसलेल्या हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू ग्लोबलने, क्रमांक ३४९१ ने, तो तसाच जगाकडे सरकवला.

यूट्यूब स्वतः २०८.६५.१५२.०/२२ असा १०२४ पत्त्यांचा मोठा गट जाहीर करत होते. दोन्ही समोर आले की राउटर अधिक नेमका गट निवडतो. नागपूरला निघालेला माणूस ‘विदर्भ’ अशी पाटी सोडून ‘नागपूर’ लिहिलेली पाटी धरतो, तसेच हे. पाटी लावली कोणी, हे राउटर विचारत नाही. तेव्हा ही जाहिरात पोचलेल्या कुठल्याही राउटरवर ‘शो आयपी बीजीपी’ आणि त्या तीनपैकी एक पत्ता टाइप केला असता, तर मार्गाच्या टोकाला यूट्यूबच्या ३६५६१ ऐवजी १७५५७ दिसले असते.

काही मिनिटांत जगाच्या मोठ्या भागातून यूट्यूब नाहीसे झाले. कॅलिफोर्नियात रविवारची सकाळ होती.

१:०७

८० मिनिटे गेल्यावर यूट्यूबनेही तोच /२४ गट जाहीर केला. आता दोन्ही पाट्या सारख्याच नेमक्या. अशा वेळी राउटर साधारणपणे ज्या मार्गात कमी नेटवर्क ओलांडावी लागतात तो निवडतो. त्यामुळे काहींना यूट्यूब परत मिळाले, काहींना नाही.

१:१८

यूट्यूबने गट आणखी चिरला: १२८ पत्त्यांचे दोन /२५. ज्यांनी हे स्वीकारले त्यांची वाट सुधारली. पण /२४ पेक्षा बारीक गट न घेण्याची शिस्त बरीच नेटवर्क पाळतात. चांगली शिस्त त्या रात्री आड आली.

१:५१

पाकिस्तान टेलिकॉमच्या जाहिरातीत १७५५७ हा क्रमांक दोनदा दिसू लागला. मार्ग एका टप्प्याने लांबला, आणखी काही राउटर यूट्यूबकडे वळले.

२:०१

पीसीसीडब्ल्यूने १७५५७ कडून उगम पावलेले सगळे राउट मागे घेतले. गोंधळ संपला. बंदी खुद्द पाकिस्ताननेही २६ फेब्रुवारीला उठवली.

दोष दोघांचा, पण माझ्या मते मोठा दोष पीसीसीडब्ल्यूचा. कमांड देताना माणूस चुकतोच, म्हणून तर वरच्या नेटवर्कने ग्राहकाचे पत्ते कोणते याची यादी ठेवून बाकीचे नाकारायचे असतात. २५ एप्रिल १९९७ ला क्रमांक ७००७ च्या एका राउटरने इंटरनेटचे असंख्य राउट स्वतःच्या नावे जाहीर करून हाच धडा दिला होता. जवळपास ११ वर्षांनंतर तो माहीत नसल्याची सबब चालत नाही. आता कोणता गट कोणी जाहीर करावा हे सहीनिशी तपासणारी आरपीकेआय पद्धत आहे, मात्र ती तपासणी प्रत्येकाने आपापल्या राउटरवर चालू करावी लागते.

तुम्ही राउटरवर काम करत असाल किंवा शिकत असाल, तर एवढे कराच. शेजाऱ्याशी बीजीपी सुरू करण्याआधी दोन्ही दिशांना प्रीफिक्स लिस्ट, म्हणजे कोणते गट घ्यायचे-सांगायचे याची यादी, लावा. दूरच्या राउटरवर जोखमीचा बदल करण्यापूर्वी ‘रीलोड इन १०’ द्या, म्हणजे संपर्क तुटला तरी दहा मिनिटांनी तो पुन्हा सुरू होऊन जुन्या, जपलेल्या कॉन्फिगवर परत येईल. सगळे ठीक असेल तर ‘रीलोड कॅन्सल’ विसरू नका. आणि बदलानंतर ‘शो आयपी बीजीपी नेबर्स’, शेजाऱ्याचा पत्ता, ‘ॲडव्हर्टाइज्ड-राउट्स’ टाइप करून आपण बाहेर काय सांगतो आहोत ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.