वडापचं कूळ

वाईच्या स्टँडबाहेर जोर-बलकवडीकडची जीप भरत असते, तेव्हा तिच्यात किती माणसं मावतात असं कुणी विचारत नाही. ड्रायव्हर निम्मा दाराबाहेर, गिअरचा दांडा दुसऱ्याच कुणाच्या तरी गुडघ्यांमध्ये. मागे समोरासमोरच्या बाकांवर माणसं दाटीवाटीनं, पायांत खताची गोणी, टपावर पत्रे, पायरीवर लोंबकळणारे वेगळेच. या वडापचे, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या या खासगी जीपचे, पूर्वज लढाईवरून आले आहेत, आणि तेही घाईघाईत जन्मलेले.

1940च्या जुलैत अमेरिकी लष्करानं 135 कंपन्यांना विचारणा केली: हलकी, चारही चाकांनी ओढणारी टेहळणीची गाडी करून द्या, नमुना 49 दिवसांत हवा. बॅण्टम नावाच्या दिवाळखोरीला टेकलेल्या कंपनीनं कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याकडून आराखडा करून घेतला आणि 23 सप्टेंबरला गाडी हजर केली. पण एवढ्याशा कारखान्याला लष्कराची भूक भागवता येईना. म्हणून आराखडे विलिस आणि फोर्डच्या हाती गेले. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपा बनल्या, त्यांत बॅण्टमच्या तीन हजारांच्या आतबाहेर. तिच्या वाट्याला पुढे ट्रेलर बनवणं आलं. पोर एकाचं, बारसं दुसऱ्याच्या घरी.

गाडीत विशेष काय होतं? साध्या गाडीचं मागचं एक चाक चिखलात गेलं की इंजिनाचा सगळा जोर नेमका त्याच चाकाकडे पळतो, कारण तिथं अडवणूक कमी. ते जागच्या जागी गरगरतं आणि कोरड्यावरचं दुसरं चाक नुसतं बघत राहतं. जीपमध्ये गिअरच्या शेजारच्या छोट्या दांड्यानं पुढची चाकंही जोडता येतात. शिवाय एक लो गिअर असतो. त्यात वेग मरतो, ताकद वाढते, आणि गाडी माणसाच्या चालीनं दगडावर चढते.

युद्धानंतर लष्कराच्या उरल्यासुरल्या जीपा लिलावात निघाल्या. स्वतंत्र भारताचा पहिला गाजलेला घोटाळाही जीपांचाच, हा मान तिच्याकडून कुणी काढून घेऊ नये. काश्मीरच्या लढाईसाठी 1948मध्ये परदेशातून जुन्या जीपा मागवल्या, आल्या त्या थोड्या, आणि आल्या त्याही बिनकामाच्या. 1949पासून महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलिसचे सुटे भाग जोडून जीपा बाहेर काढायला सुरुवात केली. पुढे आली उंच बॉनेटची सीजे-थ्री-बी. नवं इंजिन उंच होतं, ते बसवायला बॉनेट वर उचललं, एवढंच त्या रुबाबाचं कारण.

खेड्यात मात्र जीप आली ती साहेब घेऊन. 1952च्या 2 ऑक्टोबरला समुदाय विकास योजना सुरू झाली, 1962च्या 1 मे रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, आणि बीडीओची जीप हा तालुक्यातला एक दर्जा झाला. हिवतापवाले जीपनं येत, कुटुंबनियोजनवाले जीपनं येत, निवडणूकही जीपनंच येई. धुरळा दिसला की पोरं पळत आणि मोठी माणसं टोपी नीट करत.

सरकारी गाडीची पुढची पिढी लोकांची झाली. महिंद्राची लांबट कमांडर, बजाज टेम्पोची ट्रॅक्स, डिझेल इंजिनं. मनिलात अमेरिकी लष्कराच्या टाकलेल्या जीपा लांबवून जीपनी झाल्या, ती आपल्या वडापची चुलत शाखा. एसटी 1948पासून धावतेय, पण ती रस्त्याप्रमाणे आणि वेळापत्रकाप्रमाणे. धोम धरणाच्या वरच्या अंगाच्या गावांना दोन्हींची खात्री नसे. ती जागा वडापनं घेतली.

गंमत अशी, की वडापच्या बहुतेक जीपांना पुढच्या चाकांची ओढच नसते. ती नसली की गाडी स्वस्त पडते आणि डिझेलही कमी खाते. म्हणजे घराण्याचा मूळ दागिनाच विकून टाकलेला. त्याची भरपाई करतात ती मागच्या चाकांवर खच्चून बसलेली माणसं, कारण वजन असलं की चाक घसरत नाही. ओल्या चढावर रिकामी जीप भरलेलीपेक्षा लवकर मागे सरकते, हे इथल्या ड्रायव्हरला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. आणि अगदीच अडली तर तीच माणसं उतरून ढकलतात.

त्यालाही मर्यादा आहेतच. 2021च्या जुलैत वाई तालुक्यातल्या देवरुखवाडीवर दरड आली, जोरकडचा रस्ता वाहून गेला, आणि चार चाकांचं असो वा दोन, कुठलंच यंत्र कामाचं उरलं नाही. लोक पायी गेले. तालुक्याच्या हद्दीला लागून असलेल्या रायरेश्वराच्या पठारावर 2022मध्ये एका शेतकरी कुटुंबानं ट्रॅक्टर सुटा करून, लोखंडी शिडीवरून खांद्यावर वाहून वर नेला आणि तिथं पुन्हा जोडला. ऑफ-रोड म्हणायचं तर याला म्हणावं.

महिंद्राची थार 2010मध्ये आली, आणि पुण्या-मुंबईच्या शनिवार-रविवारला मूळ घराण्याचा दागिना परत मिळाला. आता शहरातली माणसं चिखल शोधत येतात. वडापवाला उभा जन्म तो चुकवत आला. हौसेला माझा आक्षेप नाही. इगतपुरीजवळ महिंद्रांनीच शिकवणीसाठी खास खाचखळग्यांचं मैदान केलंय, तिथं गाडी खुशाल उलटीपालटी करावी. आक्षेप आहे तो सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, चाकं घालण्याला. कासच्या किंवा आसपासच्या कुठल्याही सड्यावर जांभ्या खडकावर बोटभर माती असते. सीतेची आसवं तेवढ्याच ओलीवर फुलतात. एका टायरचा चर पडला की पाणी त्याच वाटेनं वाहून जातं, आणि ओल मोडते. जोरचा रस्ता गाडीनं उखडला तर बांधकाम खातं कधीतरी खडी टाकतं. सड्यावर माती कुणी टाकत नाही.

दरम्यान खालच्या गावांना डांबर पोचलं तसं वडापमध्ये ईको आणि क्रूझर शिरल्या. जुनी कमांडर अजून आहे ती रस्ता संपतो त्या टोकाला, आणि तिचे सुटे भाग मिळेनासे झालेत.