रक्तगट आणि काचबिंदू : एका शोधाची मर्यादा
१/४ व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये मानवी रक्ताचे गट उलगडले आणि सुरक्षित रक्तदानाचा मार्ग खुला झाला. १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक लाभले.

२/४ १९५३ मध्ये ब्रिटिश संशोधकांना जठराच्या कर्करोगाच्या रुग्णांत ‘ए’ गटाचे प्रमाण अधिक आढळले. मग इतर व्याधींचेही मूळ रक्तगटात शोधले जाऊ लागले. काचबिंदूही त्यांत होता.

३/४ मात्र येथे निष्कर्ष जुळेनात. एका पाहणीत दिसलेला संबंध दुसरीत दिसेना.

४/४ काचबिंदू बहुधा वेदनेविना दृष्टी हिरावतो आणि गेलेली दृष्टी परतत नाही. त्याच्या खुणा डोळ्याच्या आत उमटतात. तेथे डोकावण्याचे साधन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्येच दिले होते. घरात कोणाला काचबिंदू असेल, तर रक्तगट कोणताही असो, नेत्रतपासणी टाळू नये.