दारूच्या दुकानातील पोरे : इंग्लंडमधील एका लढ्याची हकीकत

आपल्याकडे वानगी देण्याची रीत फार जुनी आहे. आंब्याच्या पेठेत गेले की कापलेली फोड हातावर येते, गुळाच्या अडतीवर खडा चाखावयास मिळतो. आणि वाण्याकडे लहान मूल सामान आणावयास गेले, तर चार शेंगदाणे किंवा एखादी लिमलेटची गोळी त्याच्या मुठीत जाते. त्यात वाण्याची माया असते आणि व्यापारही असतो. ज्याला गोळी मिळाली ते मूल उद्या दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नाही, हे वाणी पक्के जाणून असतो.

हीच रीत दारूच्या दुकानात चालली तर काय होईल? भगिनींनो, ही नुसती कल्पना नव्हे. सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात हे उघड चालत असे, आणि ते बंद पाडण्यासाठी तेथील स्त्रियांना व समाजसेवकांना दीर्घकाळ झगडावे लागले. त्या झगड्याची हकीकत आज आपल्यालाही उपयोगी पडण्यासारखी आहे.

त्या काळी इंग्रज कामकऱ्याच्या घरी रात्रीच्या जेवणाबरोबर बीअर असे. ती पिंपातून काढून सुटी विकली जाई. तेव्हा ज्याने त्याने घरून भांडे न्यावे आणि ताजी भरून आणावी, असा परिपाठ होता. दारूच्या गुत्त्याला त्यासाठी बहुधा एक वेगळा कप्पा असे, त्याला ‘जग अँड बॉटल’ म्हणत. बाप दिवसभर राबून थकलेला, आई चुलीपाशी गुंतलेली. मग चंबू घेऊन कोणी जावयाचे? आठ-दहा वर्षांच्या पोराने किंवा पोरीने! एकेका गल्लीत दोन-दोन, तीन-तीन गुत्ते. त्यामुळे चढाओढ मोठी. गिऱ्हाईक म्हणून येणारे पोर आपल्याकडेच यावे म्हणून गुत्तेवाले त्याच्या हातावर गोळ्या-मिठाई ठेवीत. शिवाय भरलेला चंबू घरी नेताना वाटेत एखादा घोट घेतला, तर कोण पाहतो! कित्येक मुलांना बीअरची पहिली चव अशी रस्त्यातच लागली. ती कोणी त्यांना विकली नव्हती, आणि कोणी मुद्दाम पाजलीही नव्हती.

याविरुद्ध कायदा नव्हता असे नाही. परंतु तो भलत्याच जागी पहारा देत होता. १८३९ साली लंडनच्या पोलिस कायद्यात असे कलम आले की, सोळा वर्षांखालील मुलांना गुत्त्यात बसून पिण्यासाठी ब्रँडी-जिनसारखी कडक दारू देऊ नये. १८७२ च्या परवाना कायद्याने हा निर्बंध देशात इतरत्रही आणला. पण बीअर मोकळीच राहिली. १८८६ साली तेरा वर्षांखालील मुलांना तेथेच पिण्यासाठी कोणतेही मद्य विकण्याची बंदी झाली. या साऱ्या कायद्यांनी पाहिले ते गुत्त्यात बसून पिणाऱ्या मुलाकडे. चंबू भरून घेऊन दाराबाहेर पडणारे मूल कायद्याच्या दृष्टीने निव्वळ निरोप्या होते.

मूल पिण्याकडे कसे वळते, हे ज्यांनी जवळून पाहिले त्यांत स्त्रिया पुष्कळ होत्या. १८४७ साली लीड्स शहरी ‘बँड ऑफ होप’ ही मुलांची मद्यपानविरोधी संघटना निघाली. तिच्या मुळाशी जेबेझ टनिक्लिफ हे धर्मोपदेशक आणि अॅन जेन कार्लाइल ही आयर्लंडातील विधवा बाई होती. बाईंनी त्या वेळी सत्तरी ओलांडली होती. मुलांनी मद्याला शिवणार नाही अशी प्रतिज्ञा करावी, आणि त्यांच्यासाठी सभा, गाणी व सहली असाव्यात, असा तो उपक्रम होता. पुढे १८७६ साली ब्रिटिश स्त्रियांची स्वतंत्र मद्यपानविरोधी संस्था स्थापन झाली. या बायकांना पार्लमेंटसाठी मत देण्याचा हक्क नव्हता. त्यांच्या हाती होते ते अर्ज, सह्या आणि सभा एवढेच.

१८९६ ते १८९९ या काळात एका शाही आयोगाने दारूच्या परवान्यांची चौकशी केली, आणि दारू आणावयास धाडल्या जाणाऱ्या मुलांचा प्रश्न सरकारदरबारी पोहोचला. विरोधकांचे म्हणणे ऐकण्याजोगे होते. ते म्हणत, ‘‘श्रीमंताच्या घरी तळघरात मद्याचा साठा असतो, गरिबाला मात्र रोज आणावे लागते. मग कायद्याचा जाच गरिबालाच का? शिवाय पोर गेले नाही तर बाप स्वतः जाईल आणि तेथेच बसून राहील!’’ यात तथ्य अगदीच नव्हते असे नाही. परंतु बापाला घरी ठेवण्यासाठी मुलाला गुत्त्यात धाडावयाचे, हा सौदा आयांना मान्य होण्यासारखा नव्हता.

अखेर १९०१ साली कायदा झाला. चौदा वर्षांखालील मुलाजवळ मद्य द्यावयाचे तर ते बूच लावून मोहोरबंद केलेल्या बाटलीतच द्यावे, आणि ते ठरलेल्या मापापेक्षा कमी नसावे, असे ठरले. उघड्या चंबूचा, म्हणजेच वाटेतल्या घोटाचा, मार्ग अशा रीतीने बंद झाला. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, दंड एकट्या दुकानदाराला नव्हता. जाणूनबुजून मुलाला धाडणाराही गुन्हेगार ठरला. पहिल्या गुन्ह्यास ४० शिलिंगांपर्यंत दंड होता. घरातील वडीलधाऱ्यांची जबाबदारी कायद्याने प्रथमच अशी स्पष्ट सांगितली.

१९०८ च्या मुलांच्या कायद्याने आणखी दोन पावले टाकली. चौदा वर्षांखालील मुलांना गुत्त्याच्या मद्य विकण्याच्या दालनात मज्जाव झाला. आणि वैद्यकीय कारणाशिवाय पाच वर्षांखालील मुलाला मद्य देणे हाच गुन्हा ठरला, मग ते घरात का असेना. रडणाऱ्या तान्ह्याला दारूचा थेंब पाजून निजविण्याची चाल तेव्हा होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या कलमाचे मोल कळते. येथे ‘विकणे’ हा शब्द मागे पडला आणि ‘देणे’ हा शब्द पुढे आला. मात्र एक अनिष्ट परिणामही झाला. आईबाप आत आणि मुले बाहेर पायरीवर थंडीत ताटकळत, असे दृश्य दिसू लागले. कायदा दार बंद करू शकतो. घरातली सवय तो एका दिवसात मोडू शकत नाही.

यानंतरचे पाऊल एका स्त्रीने टाकले. १९१८ साली तीस वर्षांवरील काही स्त्रियांना मताचा हक्क मिळाला, आणि १९१९ साली लेडी नॅन्सी अॅस्टर निवडून येऊन कॉमन्स सभेत बसल्या. त्या सभेत आसनस्थ होणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांनी मांडलेले विधेयक १९२३ साली मंजूर झाले व अठरा वर्षांखालील मुलांना गुत्त्यात पिण्यासाठी मद्य विकण्याची बंदी आली. सोळा वर्षांवरील मुलांना जेवणासोबत बीअर घेण्याची सवलत तेवढी उरली. सभागृहात बसलेल्या स्त्रीने स्वतः मांडून मंजूर करून घेतलेले हे पहिले विधेयक. अॅन जेन कार्लाइल बाईंच्या लीड्समधील कामापासून येथवर ७६ वर्षे लागली.

या हकीकतीत किराणा दुकानाचाही एक अध्याय आहे. १८६० साली ग्लॅडस्टन अर्थमंत्री असताना साध्या दुकानांतून वाइन विकण्यास परवानगी मिळाली. सौम्य वाइन सहज मिळू लागली तर लोक गुत्त्याकडे कमी जातील, असा हेतू होता. पुढे तक्रारी आल्या त्या वेगळ्याच : चहा-साखरेच्या बिलात बाटली लपून घरात येते! महाराष्ट्रात २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमधून वाइनविक्रीस परवानगी देण्याचे ठरविले, तेव्हा असाच वाद उठला आणि सरकारला लोकांच्या हरकती मागवाव्या लागल्या. डाळ-तांदळाच्या फळीशेजारी बाटली मांडली, की मुलाच्या मनात ती डाळ-तांदळाच्याच पंक्तीला बसते, ही भीती पोकळ म्हणता येणार नाही.

आता आपल्या कायद्याकडे वळू. २०१५ च्या बालन्याय कायद्याचे ७७ वे कलम सांगते की, अठरा वर्षांखालील मुलास मद्य, मादक पदार्थ किंवा तंबाखूचे पदार्थ जो देईल किंवा देववील, त्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वैद्याच्या सांगण्यावरून दिले असेल तर गोष्ट वेगळी. येथे शब्द ‘देईल’ असा आहे, ‘विकील’ असा नाही. म्हणजे दुकानाच्या दारात टेबल मांडून छोट्या पेल्यातून फुकट वानगी वाटणाऱ्याने ‘‘मी पैसे कुठे घेतले?’’ असे म्हणून भागणार नाही. ७८ वे कलम मुलाकडून दारू किंवा मादक पदार्थ विकविणे, वाहविणे वा पोहोचविणे यांस तितकीच शिक्षा सांगते. इंग्लंडातील त्या चंबूवाल्या पोराची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

असे असूनही आपल्या घरांतून काय चालते? ‘‘जा रे, कोपऱ्यावरून तंबाखूची पुडी घेऊन ये’’ असे आजोबा नातवाला सांगतात. मिश्रीसाठी आजी नातीला पिटाळते. लग्नाच्या मांडवामागे कोणी मामा भाच्याच्या ओठाला पेला लावतो, भाचा तोंड वाकडे करतो आणि सारे हसतात. पैसे कोणीच घेत नाही. म्हणून यात वावगे काही आहे असे कोणास वाटत नाही. पहिली चव बहुधा फुकटच मिळते. विकत घेण्याची वेळ नंतर येते.

महाराष्ट्रातील स्त्रियांनी ‘आडवी बाटली’ला मते देऊन गावोगावची दुकाने बंद पाडली आहेत, हे आपण जाणतो. ते काम मोठे आहे. त्याच्या जोडीला एक छोटे काम प्रत्येकीच्या उंबरठ्याच्या आतले आहे : आपल्या घरातील मुलाला अशा सामानासाठी धाडावयाचे नाही, आणि दुकानात किंवा समारंभात कोणी मुलापुढे वानगीचा पेला केलाच, तर तेथल्या तेथे, चारचौघांत, त्याचा हात मागे सारावयाचा. संकोच वाटला तरी हरकत नाही. लीड्सच्या त्या वृद्ध बाईंना तो वाटला असता, तर ही हकीकत सुरूच झाली नसती.