द्राक्षमद्य आणि भूमीचें नांव

कापिशी या नगरीच्या नांवापासून ‘कापिशायन’ शब्द साधण्यासाठीं पाणिनीनें स्वतंत्र सूत्र रचिलें. काशिकाकारांनीं त्याचीं उदाहरणें दिलीं तीं त्या नगरीचें मद्य व द्राक्षें यांचीं. कौटिल्यहि द्राक्षरसाच्या मद्याची ओळख जन्मभूमीवरूनच करून देतो. पैठण व तेर यांचा माल तेव्हां भडोच बंदरीं जात असे, आणि त्याच बंदरांत इटलीचें मद्य उतरे. दक्षिणदेश मद्याचा उत्पादक नव्हे, ग्राहक होता.

आज नाशिकची भूमि स्वतःच मद्य देते. ‘सुला’चें पहिलें मद्य २००० सालीं बाजारांत आलें. शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, शिराझ या द्राक्षांच्या जाती फ्रान्सकडील खऱ्या. पण तिकडे हिवाळ्यांत निद्रिस्त होणारी वेल येथें झोपत नाहीं. तिची वर्षांतून दोनदां छाटणी करावी लागते, आणि द्राक्षें जानेवारी ते मार्चमध्यें खुडतात. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नांवास भौगोलिक मानांकन मिळालें, तें पाणिनीच्या सूत्रास धरूनच झालें म्हणावयाचें.

मात्र कोणत्या अन्नासवें कोणतें मद्य, हे नियम अजून परक्या पाकशाळेचे आहेत. मांसाबरोबर तांबडें मद्य, हा त्यांतलाच एक. कामरगांवासारख्या वऱ्हाडी गांवीं ज्वारीच्या भाकरीबरोबर झणझणीत रस्सा वाढला, तर तुरट तांबडें मद्य तिखटाचा दाह वाढवील; किंचित् गोडसर शेनिन तो शमवील. नांव भूमीचें मिळालें. रुचीचा निवाडाहि त्याच भूमीनें करावा, असें आम्हांस वाटतें.